ताळेबंद जुळतो, पण कुणाच्या जिवावर?

'वर्क-लाइफ बॅलन्स' हा शब्द हल्ली घराघरांत ऐकू येतो. मुलांच्या तोंडी असतो, मोबाइलवरच्या व्हिडिओंत असतो, नोकरीच्या मुलाखतींतही असतो म्हणे. मी ३४ वर्षं एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात काढली. त्यामुळे 'बॅलन्स' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तराजू येत नाही, ताळेबंद येतो. एका बाजूला देणी, दुसऱ्या बाजूला मालमत्ता आणि खाली दोन्हीकडे एकच बेरीज. ती जुळली की आमच्या खात्यात चहा मागवला जायचा.

पण हिशेबात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ताळेबंद जुळला म्हणजे धंदा नफ्यात आहे असं अजिबात नाही. तोट्यातल्या दुकानाचाही ताळेबंद पै-पैशाने जुळतो. झालेला तोटा मालकाच्या भांडवलातून वजा होतो, बस. दुकान उघडं असतं, गिऱ्हाईक येत असतं, बेरीज बरोबर असते आणि भांडवल मात्र दरवर्षी थोडं थोडं झिजत असतं.

घराचंही तसंच असतं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं छान जुळलेलं दिसतं. दोघं कमावतात, मुलं वेळेवर शाळेत जातात, डबे भरलेले असतात, सणवार होतात. अशा वेळी मला एकच प्रश्न पडतो. हे जुळतंय ते कुणाच्या भांडवलातून?

आमचं 'आदर्श' घर

आम्ही वडोदऱ्याचे. तीन पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे आमच्या घरात पुरणपोळीही होते आणि उत्तरायणाला उंधियूही. मुलगा आयटीत आहे आणि बरेचसे दिवस घरून काम करतो. सूनबाई बँकेत अधिकारी. नातू तिसरीत, नात बालवाडीत. आमचे हे बँकेतूनच निवृत्त झालेले. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली.

नातेवाईक आले की हमखास म्हणतात, "तुमच्या घराकडून शिकावं. दोघांची एवढी मोठी नोकरी, पण घर कसं बॅलन्स आहे!"

तसं ते आहेही. मुलाचा क्लायंट कॅलिफोर्नियातला. तिथे सकाळचे ९ वाजले की त्यांची मीटिंग सुरू होते. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्याकडचे साडेनऊ साडेदहा होतात. तिकडे घड्याळ बदलतं आणि इकडे वडोदऱ्यात आमच्या घरातली झोपायची वेळ बदलते. सूनबाईच्या बँकेचं काउंटर बंद झालं तरी तिचं काम संपत नाही. ती घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. मार्चमध्ये तर विचारूच नका.

तरी घर चालतं. कारण पहाटे साडेपाचला कुणीतरी गॅस पेटवतं, शाळेच्या रिक्षापाशी कुणीतरी उभं राहतं, गृहपाठाच्या वहीवर कुणीतरी नजर टाकतं. हे 'कुणीतरी' फार सोयीचं असतं.

आमच्या हिशेबात एक सस्पेन्स खातं असायचं. एखादी रक्कम नेमकी कुणाच्या नावे टाकायची ते कळलं नाही की तात्पुरती तिथे टाकायची आणि नंतर सवडीने शोधायचं. बहुतेक घरांत आई किंवा आजी हे ते सस्पेन्स खातं असतं. ज्या कामाला कुणाचं नाव नाही ते आपोआप तिच्या नावावर चढतं. नंतर शोधायची सवड मात्र कुणाला मिळत नाही.

तारीख नसलेलं काम

गेल्या श्रावणात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलाय. ऑपरेशन करून टाका, फार लांबवू नका."

घरी सगळ्यांनी एकमताने ठरवलं की करून टाकायचं. मग गणपती आले. मग नवरात्र, मुलांचा गरबा. दिवाळी. दिवाळीनंतर मुलाचा प्रोजेक्ट. नाताळाच्या सुट्टीत पाहुणे. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडत होते आणि मला मांजा दिसत नव्हता.

यात कुणी वाईट नव्हतं. मुलगा दर पंधरा दिवसांनी विचारायचा, "आई, आपण कधी करायचं?" माझं ऑपरेशन कुणी पुढे ढकललंच नाही. पुढे ढकलायला आधी तारीख ठरावी लागते.

नोकरीतली कामं का होतात ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या वेळी टीडीएसचं तिमाही विवरणपत्र भरायला एक दिवस जरी उशीर झाला, तरी दिवसाला २०० रुपये भरावे लागत. त्या २०० रुपयांच्या धाकाने आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो. नोकरीतल्या कामाला शेवटची तारीख असते, चुकली तर दंड असतो आणि विचारणारा साहेब असतो. आईचा डोळा, बायकोची झोप, मुलीसोबत बागेत जाणं यांना यातलं काहीच नसतं. त्यामुळे दोन्ही कामं समोरासमोर आली की दरवेळी नोकरी जिंकते. त्यात माणसाच्या प्रेमाचा दोष नसतो. तारीख असलेलं काम तारीख नसलेल्या कामाला खातं, एवढंच.

एका आठवड्याची रोजकीर्द

उत्तरायण झाल्यावर मी माझ्या जुन्या सवयीप्रमाणे एक वही काढली. घरातल्या चार मोठ्या माणसांच्या नावाने चार पानं केली आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखले: नोकरी, घर, झोप, स्वतःचं. सगळ्यांना सांगितलं की आठवडाभर रोज रात्री मला खरे आकडे द्यायचे. सुरुवातीला हसले, पण दिले.

रविवारी जेवणं झाल्यावर वही टेबलावर ठेवली. मुलगा म्हणाला, "आई, ऑडिट आहे का हे?"

"हो, आणि तेही कायद्याने सक्तीचं," मी म्हटलं.

आकडे असे होते. मुलगा: नोकरी ५८ तास, घरकाम ५. सूनबाई: नोकरी आणि जाणं-येणं मिळून ५७, घरकाम २४, म्हणजे ८१ तास. तिची झोप आठवड्याला ४१ तास, रात्रीला सहाच्याही आत. मी: घरकाम ५२ तास आणि 'स्वतःचं' या रकान्यात ४. आमच्या ह्यांचं घरकाम ९ तास.

"मी भाजी आणतो ते धरलंस का?" ह्यांनी विचारलं.

"धरलंय. तीन तास वीस मिनिटं. त्यातला दीड तास सोसायटीच्या बाकावरचा आहे, पण तोही तुमच्या बाजूने धरलाय."

सूनबाई काहीच बोलली नाही. स्वतःच्या ८१ या आकड्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मला वाटायचं माझंच कुठेतरी कमी पडतंय."

हे वाक्य मला माझ्या ५२ तासांपेक्षा जास्त लागलं. इतकी शिकलेली, शाखेचे कोट्यवधींचे व्यवहार सांभाळणारी मुलगी. पण मोजल्याशिवाय तिलाही कळलं नव्हतं की कमी ती पडत नव्हती, दिवस पुरत नव्हता.

आमचं घर काही जगावेगळं नाही. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली होती. घरच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, तर पुरुषांची ९७. म्हणजे बायकांची जवळजवळ पाच तास आणि पुरुषांची दीड तासाच्या थोडी वर.

मुलाच्या ५८ तासांकडेही मी बोट दाखवलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अंदाज मांडला होता. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राचा आम्ही दरवर्षी घसारा काढायचो. माणसाचा घसारा कुणी काढत नाही, म्हणून तो एकदम दवाखान्याच्या बिलात दिसतो.

रविवार आपोआप आला नाही

आज आपण रविवारची सुट्टी इतकी गृहीत धरतो की ती पंचांगातूनच आली असं वाटावं. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या साध्या होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरलेल्या तारखेच्या आत. १८९० च्या सभेत तर दोन कामगार स्त्रियाही उभं राहून बोलल्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

मला या गोष्टीतलं एक फार महत्त्वाचं वाटतं. त्या कामगारांना कुणी 'वेळेचं नियोजन शिका' असं सांगितलं असतं तर काय उपयोग झाला असता? दिवसच मालकाचा होता. सुट्टी मिळाली ती सगळ्यांनी मिळून, मोठ्याने, नेमका दिवस सांगून मागितल्यामुळे.

आणि गंमत बघा. तो रविवार गिरणीच्या दारापर्यंत आला, स्वयंपाकघराच्या दारात मात्र अडकला. बहुतेक घरांत आजही रविवार हाच स्वयंपाकघराचा सगळ्यात जास्त कामाचा दिवस. सगळे घरी असतात, म्हणून नाश्ता वेगळा, जेवण चमचमीत आणि संध्याकाळी 'आज काहीतरी वेगळं कर ना'.

म्हणून त्या दिवशी मीही माझी मागणी नेमकी ठेवली. कालनिर्णय भिंतीवरून काढलं, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी लाल पेनाने गोल केला आणि म्हटलं, "हे माझं ऑपरेशन. मार्चच्या आधी. या तारखेला मुदतवाढ नाही."

पंधरा दिवस माझ्याशिवाय

ऑपरेशन सोपं झालं. खरी परीक्षा नंतर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं: डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धूर आणि फोडणीपासून लांब राहायचं, वाकून जड उचलायचं नाही, थेंब वेळच्या वेळी. म्हणजे स्वयंपाकघर बंदच.

मुलाने दोन दिवस रजा घेतली, सूनबाईने एक. नंतर थेंबांचं वेळापत्रक ह्यांनी स्वतःकडे घेतलं. त्यासाठी मोबाइलमध्ये गजर लावले. कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या, डाळीत पाणी किती घालायचं, हेही वयाच्या ७० व्या वर्षी शिकले. पहिल्या दिवशीच्या खिचडीला चमचा लागला नाही, सुरी लागली. पाचव्या दिवशीची खिचडी नातवाने मागून घेतली.

मी काळा चष्मा लावून खुर्चीत बसून बघत होते. तेव्हा ध्यानात आलं की घरातल्या कामांचे तीन गठ्ठे पडतात. पहिला, जी करावीच लागतात: जेवण, मुलांची शाळा, औषधं. दुसरा, जी दुसरं कुणीही करू शकतं, फक्त आजवर त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव पडलं नव्हतं. तिसरा गठ्ठा सगळ्यात मजेशीर: जी केली नाहीत तरी कुणाला कळलंही नाही. रोज दोन भाज्या, चादरींना इस्त्री, संध्याकाळच्या चहाबरोबर तळलेलं काहीतरी. पंधरा दिवसांत यातलं काही झालं नाही आणि घराचं काही बिघडलं नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. माझं सगळं काम धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंवर लोटायचं नाही. त्या आधीच पाच घरी जातात आणि त्यांच्या घरीही एक स्वयंपाकघर आहे. जेवढं काम वाढलं तेवढे पैसे वाढवले आणि महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरवल्या. आपला तोटा दुसऱ्याच्या वहीत लिहून आपला ताळेबंद जुळवणं, याला हिशेबात चांगला शब्द नाही.

आता आमच्याकडे काय बदललं

फार मोठं काही नाही. पण जे बदललं ते टिकलंय.

एक, घराच्या तारखाही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या जातात. नातीचं स्नेहसंमेलन, ह्यांची साखरेची तपासणी, दोघांनी मिळून बघायचा सिनेमा. ऑफिसची मीटिंग आली तर 'त्या वेळी मी मोकळा नाही' असं मुलगा आधीच सांगतो. कारण विचारलं तर 'आधीच ठरलेलं काम आहे' एवढंच उत्तर पुरतं.

दोन, 'मदत' हा शब्द बंद. 'मी मदत करतो' म्हटलं की काम दुसऱ्याचंच राहतं. आता कामावर नाव असतं. सकाळचे डबे मुलाचे, कारण तो घरून काम करतो. भाजी, दूध, बिलं आणि रात्रीचा कुकर ह्यांचा. गृहपाठ माझा, मला तो आवडतो. सूनबाईकडे रात्रीची गोष्ट आणि शनिवार-रविवारचा एकेक वेळचा स्वयंपाक. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्यातल्या एका शनिवारी सकाळी तिला कुणी उठवायचं नाही, हा नियम नातवाने स्वतः दारावर लिहून चिकटवलाय.

तीन, प्रत्येकाला आठवड्यातून एक हक्काची वेळ. माझी गुरुवारी दुपारी चारनंतर. कधी मैत्रिणींबरोबर कमाटीबागेत, कधी लायब्ररीत, कधी नुसतीच पडून. त्या वेळी कुठे जातेय ते विचारायचं नाही. कधी येणार तेही नाही.

चार, मुलाने आपल्या टीमशी बोलून घेतलं. आता रात्रीची मीटिंग आठवड्यातून दोनदाच असते, बाकीचे दिवस काम लिहून पुढे सोपवलं जातं. हे त्याला एकट्याला मिळालं नसतं. टीममधल्या चौघांनी मिळून मागितलं, तेव्हा मिळालं.

रोज जुळणार नाहीच

सगळं सुटलंय असं मी म्हणणार नाही. प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात मुलाच्या खोलीतला दिवा अजूनही दोन वाजेपर्यंत असतो. सूनबाईचा मार्च मार्चच राहिला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने मला आता तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं अधिकच स्पष्ट दिसत होती.

पण कुठल्याही व्यवसायाचा हिशेब रोजच्या रोज नफ्यात नसतो. आम्ही ताळेबंद काढायचो तो वर्षाचा. काही महिने ओढाताणीचे असणारच. बघायचं ते एवढंच, की मार्चमध्ये घेतलेली उसनवारी एप्रिलमध्ये फेडली जाते का. सूनबाईने एप्रिलमध्ये चार दिवस रजा घेतली आणि माहेरी इंदूरला जाऊन आली, एकटी. मुलं आमच्याकडे होती. परत आली तेव्हा चेहराच सांगत होता. उधारी फिटत राहिली तर ओढाताण सोसते. ती फिटलीच नाही, तर माणूस आतून रिकामा होत जातो आणि बाहेरच्यांना घर मात्र 'आदर्श' दिसत राहतं.

ज्यांच्या हातात रजा नाही, साहेबाशी बोलायची सोय नाही, रोज कमावल्याशिवाय चूल पेटत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं इतकं सोपं नाही, हेही मला कळतं. त्यांच्यासाठी कायदा आणि संघटना लागते, लाल पेन पुरत नाही. पण घरातल्या घरात कुणाच्या नावावर किती पडतंय हे मोजायला पैसे लागत नाहीत. एक जुनी वही पुरते.

तेव्हा येत्या सोमवारपासून एक आठवडा करून बघा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं एक पान आणि चार रकाने. आकडे खरे लिहा, भांडू नका, आधी फक्त बेरीज करा. आणि 'स्वतःचं' हा रकाना ज्याचा सगळ्यात रिकामा निघेल, कॅलेंडरवरची पहिली लाल तारीख त्याच्या नावाने टाका.